‘चॅनल नंबर’चे मूळ

वृत्तपत्रांच्या विदर्भ-मराठवाडा आवृत्त्या वाचणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत एक वाक्य जवळजवळ पाठ झाले असेल. ‘समृद्धी महामार्गावर मुंबई कॉरिडॉरवरील चॅनल क्रमांक अमुक येथे भरधाव कार ट्रकवर मागून आदळली.’ पुढचा मजकूर बहुतेक जण डोळ्यांखालून घालतात आणि पान उलटतात. मी मात्र त्या ‘चॅनल क्रमांका’पाशी अडकतो. हे चॅनल म्हणजे टीव्हीची वाहिनी नव्हे आणि पाण्याचा पाटही नव्हे. मग अपघात ‘चॅनल’वर होतो म्हणजे नेमका कुठे होतो?

माझा व्यवसाय अपघातग्रस्त वाहनांची विम्यासाठी पाहणी करण्याचा. पंचवीसेक वर्षे गाड्यांचे चेपलेले पत्रे आणि पोलिसांचे पंचनामे या दोनच गोष्टी मी वाचत आलो. पत्रा सहसा खोटे बोलत नाही. पंचनामाही मुद्दाम खोटे बोलतो असे नाही, पण एका प्रश्नावर तो फार गुळमुळीत होतो. तो प्रश्न म्हणजे घटना नेमकी कुठे घडली. ‘सदर घटनास्थळ हे अमुक गावापासून पश्चिमेस सुमारे दोन कि.मी. अंतरावर असून पूर्वेस डांबरी रस्ता, उत्तरेस कडुनिंबाचे झाड...’ ही चतुःसीमेची भाषा शेतजमिनीच्या दस्तऐवजातून आली आहे. जमीन जागची हलत नाही, म्हणून जमिनीला ती शोभते. पण दर तासाला शेकडो वाहने जिथून जातात आणि ज्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल एकसारखे कुंपण आहे, अशा रस्त्यावर कडुनिंबाचे झाड कोण शोधणार? त्या गुळमुळीतपणाने मला या विषयाकडे ढकलले. पुढे जे लिहिले आहे ते मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. ते रस्त्यांवर, रस्ता बांधणाऱ्यांच्या सहवासात आणि जुन्या पुस्तकांत सापडत गेले.

‘चॅनल’ हा मूळच्या ‘चेनेज’ या शब्दाचा आपल्या तोंडी झालेला अवतार आहे. रस्त्याच्या आरंभबिंदूपासून एखाद्या ठिकाणापर्यंत रस्त्याच्याच मध्यरेषेवरून मोजलेले अंतर म्हणजे चेनेज. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मराठीत त्याला ‘साखळी क्रमांक’ म्हणतात, आणि निविदांच्या जाहिरातींत तो ‘सा.क्र.’ असा आखडून येतो. मला विचाराल तर हा मराठी शब्द ‘चॅनल’पेक्षा कितीतरी चांगला आहे, कारण त्यात खरी हकीकत शाबूत आहे. हे अंतर एके काळी खरोखरीच्या लोखंडी साखळीने मोजले जात असे.

त्या साखळीचा जनक एडमंड गंटर. सतराव्या शतकातला हा इंग्रज धर्मोपदेशक लंडनच्या ग्रेशम कॉलेजात खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता. १६२० साली त्याने जमीनमोजणीसाठी जी साखळी रूढ केली ती ६६ फूट लांबीची होती आणि तिच्यात १०० कड्या होत्या. ६६ हा आकडा वरकरणी विचित्र वाटतो. पण अशा ८० साखळ्या मांडल्या की बरोबर एक मैल होतो, आणि १० चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर. इंग्रजांची मापे बाराच्या, सोळाच्या, बाविसाच्या पटीत विखुरलेली होती. शंभर कड्यांच्या युक्तीने गंटरने त्यांत दशमान हिशेब घुसवला. मोजणीदाराने कड्या मोजायच्या, दशांश चिन्ह सरकवायचे, की एकर तयार. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड का, असे कुणी विचारले तर त्याचेही उत्तर इथेच आहे. २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, म्हणजे गंटरची एक साखळी.

आणि आपला गुंठा? गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट हे सातबारा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण १०८९ का, हे विचारावेसे कुणाला वाटत नाही. ३३ गुणिले ३३ करून पाहा. ३३ फूट म्हणजे गंटरची अर्धी साखळी. आपल्याकडच्या मोजणी खात्यात ३३ फुटांची ‘शंकू साखळी’ वापरली जाई, आणि तिच्या एका लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. त्या गुंठ्याचे सोळा आणे करून भावाभावांतल्या वाटण्या झाल्या, आणि तो हिशेब खेड्यात अजून ऐकू येतो. लंडनमधल्या एका प्राध्यापकाची साखळी आपल्या बांधाबांधावर अशी पडलेली आहे आणि आपल्याला तिचा पत्ता नाही. ब्रिटनच्या रेल्वेत आजही ठिकाण मैल आणि साखळ्यांत सांगतात. आपल्याकडे साखळी गेली, तिच्या जागी टेप आला, मग टोटल स्टेशन आले, पण ‘चेनेज’ हा शब्द टिकला आणि आता ‘चॅनल’ होऊन वर्तमानपत्रात नांदतो आहे.

इथे एक भेद नीट लक्षात घ्यायला हवा. माझ्या समजुतीने या विषयातली सगळी गफलत त्या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने होते. रस्त्याकडेला दोन जातींचे आकडे असतात. पहिला आकडा प्रवाशाला उद्देशून असतो. ‘नाशिक ४२’ म्हणजे अजून बेचाळीस किलोमीटर जायचे आहे. दुसरा आकडा रस्त्याचा स्वतःचा असतो. त्याला प्रवासी कुठे निघाला आहे याच्याशी कर्तव्य नाही. तो रस्त्यावरच्या त्या ठिकाणाचे नाव असतो. पहिला तुम्ही जसजसे जाल तसतसा शून्याकडे येतो. दुसरा तुमच्या दिशेप्रमाणे वाढतो किंवा घटतो, पण त्याच्या जागेवरून तो हलत नाही. घराचा क्रमांक आणि घरापर्यंतचे अंतर यांत जो फरक, तोच इथे.

आपल्या संस्कृतीत रुजलेला मैलाचा दगड पहिल्या जातीचा. रोमन लोकांचा मैल म्हणजे हजार दुहेरी पावले, आणि त्यांच्या रस्त्यांवर त्या हिशेबाने खांब उभे असत. आग्रा ते लाहोर मार्गावरचे मोगली कोस मिनार आजही हरियाणात शेतांमधून डोके वर काढून उभे दिसतात. मुंबईत इंग्रजांनी फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलला शून्य धरून रोमन आकड्यांचे मैलाचे दगड रोवले. त्यांतले काही रस्त्यांच्या आणि पदपथांच्या थराखाली गाडले गेले होते, ते अलीकडे उकरून काढून जपले जात आहेत. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, मैल गेले, दगडांवर किलोमीटर आले. मराठीत मात्र ‘मैलाचा दगड’ तसाच राहिला. एखाद्या कादंबरीला ‘किलोमीटरचा दगड’ ठरवणारा समीक्षक अजून जन्माला यायचा आहे.

आजचा किलोमीटरचा दगड मात्र दोन्ही जातींचे आकडे अंगावर वागवतो, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येते. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, एवढे शाळेतली मुलेही सांगतात. समोरच्या अंगावर पुढच्या गावाचे नाव आणि अंतर असते, ते आपण वाचतो. पण अनेक दगडांवर आणखी एक आकडा असतो. तो रस्त्याच्या आरंभापासूनचा किलोमीटर, म्हणजे दगडाचे स्वतःचे नाव. दोन दगडांच्या मध्ये गुडघ्याएवढे चार छोटे दगड असतात, त्यांवर नुसते २, ४, ६, ८ लिहिलेले असते. हे दोनशे मीटरचे दगड. रस्त्याचा आकडा ज्या दिशेने वाढतो त्या दिशेने तेही वाढतात. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या अभियंत्यांच्या संस्थेने या दगडांची मापे आणि नमुने ठरवून दिलेले आहेत. बारा क्रमांकाचा दगड ओलांडून ‘४’चा छोटा दगड आला की ती जागा १२/४००. खात्यातला मुकादम ‘बारा चारशेला खड्डा पडलाय’ म्हणाला की कनिष्ठ अभियंत्याला नकाशा उघडावा लागत नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. मोरीच्या किंवा छोट्या पुलाच्या कठड्यावर रंगाने ‘१२/२’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ बारा किलोमीटर दोनशे मीटर नव्हे. तो त्या किलोमीटरातल्या दुसऱ्या मोरीचा वा पुलाचा क्रमांक. पंचनाम्यात या दोहोंची सरमिसळ झालेली मी अनेकदा पाहिली आहे. लिहिणाऱ्याने आकडा प्रामाणिकपणे उतरवलेला असतो, फक्त तो कशाचा आकडा हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

आता इंग्लंडकडे वळू, कारण रस्त्याचा आकडा प्रवाशाच्या हाती देण्याचे काम तिथे फार विचारपूर्वक झाले. ब्रिटनमधला पहिला मोटरवे म्हणजे १९५८चा प्रेस्टन बायपास. पुढच्या वर्षी एम १ सुरू झाला. या रस्त्यांच्या कडेला दर शंभर मीटरवर एक बुटका खांब असतो, त्यावर अंतराचा आकडा आणि जवळचा आपत्कालीन फोन कोणत्या बाजूला आहे हे दाखवणारा बाण. देखभाल करणारे कामगार आणि पोलीस हे आकडे वापरत. सामान्य चालकाला ताशी ७० मैलांच्या वेगात ते दिसतही नसत, आणि दिसले तरी त्यांचा अर्थ कळत नसे. फोनपेटीवरून बोलले तर पेटीच्या जागेवरून नियंत्रण कक्षाला ठिकाण कळे. पण प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला तेव्हा लोक पेटीपर्यंत चालत जाईनासे झाले. गाडीतूनच फोन लावू लागले, आणि ‘तुम्ही कुठे आहात?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. सोय वाढली आणि माहिती घटली, असा हा प्रकार.

त्यावर २००७ साली इंग्लंडच्या महामार्ग यंत्रणेने मोठ्या निळ्या पाट्या लावायला सुरुवात केली. साधारण दर पाचशे मीटरवर एक. निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत तीन ओळी. पहिल्या ओळीत रस्त्याचे नाव, समजा एम २५. दुसऱ्या ओळीत नुसते एक अक्षर, ए किंवा बी. तिसऱ्या ओळीत एक आकडा, समजा ७४.३. चालत्या गाडीतून एका नजरेत वाचता येईल एवढे मोठे. माझा भाचा बर्मिंगहॅमजवळ नोकरीला आहे. तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने मला फोटो पाठवून विचारले, “मामा, तुम्ही रस्त्यांवरचं सगळं वाचता ना, मग हे काय आहे सांगा. पुढचा फाटा किती लांब आहे ते?” तिथले मुरलेले चालकही हाच अर्थ लावतात, असे त्याने नंतर कळवले.

तो अर्थ चुकीचा आहे. तिसऱ्या ओळीतला आकडा कुठलेही पुढचे अंतर सांगत नाही. तो त्या रस्त्यासाठी ठरवलेल्या एका संदर्भबिंदूपासून मोजलेला किलोमीटर आहे, दशांशात शंभर मीटरपर्यंत. मौज अशी की ब्रिटनमधल्या दिशादर्शक पाट्या अजून मैलांत आणि यार्डांत असतात, वेगमर्यादाही मैलांत, आणि हा एकटा आकडा किलोमीटरमध्ये, तोही एकक न लिहिता. याचे कारण उघड आहे. हा अभियंत्यांच्या घरातला आकडा, आणि तिथले अभियंते केव्हाच मेट्रिकवर गेले. पण एकक न लिहिण्यामागे मला एक शहाणपणही दिसते. चालकाने हा आकडा समजून घ्यावा अशी अपेक्षाच नाही. त्याने तो फोनवर जसाच्या तसा वाचून दाखवायचा. पोस्टाचा पिन कोड लिहिताना ४११०३० म्हणजे काय मोजले, असे आपण कुठे विचारतो?

दुसऱ्या ओळीतले एकुलते अक्षर मला या सगळ्या रचनेतले सर्वांत मोलाचे वाटते. मोटरवेच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळे रस्ते असतात, मध्ये दुभाजक. ए ही सहसा लंडनपासून दूर जाणारी बाजू आणि बी लंडनकडे येणारी. एम २५ मात्र लंडनभोवती कडे करून फिरतो, त्याला लंडनपासून दूर किंवा लंडनकडे असे काही नाहीच. तिथे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जाणारी बाजू ए ठरवली. त्याहून पुढची पायरी म्हणजे मोटरवेवर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या फाट्यांना जे, के, एल, एम ही वेगळी अक्षरे. म्हणजे नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला गाडी मुख्य रस्त्यावर बंद पडली आहे की उतरणीच्या फाट्यावर, हेही एका अक्षरात कळते. नेदरलँड्समध्ये शंभर-शंभर मीटरवरच्या पाट्यांवर हेच काम ‘रे’ आणि ‘ली’ करतात. डच भाषेतल्या उजव्या-डाव्यासाठीच्या शब्दांची ती आद्याक्षरे. अमेरिकेत आणखी सोपी युक्ती आहे. बहुतेक राज्यांत महामार्गावरून बाहेर पडण्याच्या फाट्याचा क्रमांक हाच त्या जागेचा मैल असतो. फाटा क्रमांक १४० ओलांडून फाटा क्रमांक १५२ यायचा असेल तर बारा मैल राहिले. तिकडे राहणारे आपले लोक हा हिशेब रोज करतात, पण तो हिशेब आहे हे त्यांच्या ध्यानात नसते.

बाजू सांगणारे एक अक्षर किती मोलाचे, याचा मला दिसलेला दाखला सांगतो. आपल्याकडच्याच एका द्रुतगती मार्गावरचे प्रकरण. रात्री अडीचचा सुमार, उभ्या ट्रकला मागून कार धडकलेली. गाडीतल्या मुलीने मदतीसाठी फोन केला. ती म्हणाली, “टोलनाक्याच्या पुढे आहोत.” टोलनाक्याच्या पुढे म्हणजे तिच्या दृष्टीने पुढे. फोन घेणाऱ्याने आपल्या बाजूने पुढे धरले. रुग्णवाहिका निघाली ती दुभाजकापलीकडून. अपघात डोळ्यांना दिसत होता, गाडीचे इंडिकेटर लुकलुकत होते, आणि मध्ये ओलांडता न येणारा दुभाजक. स्ट्रेचर हातात घेऊन दोघे जण दुभाजकावरून चढून गेले, आणि गाडी पुढच्या इंटरचेंजवरून वळून यायला निघाली. मुलीच्या वडिलांना रुग्णालयात पोचायला जो उशीर झाला त्यावर पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात दोन्ही वकिलांनी पानेच्या पाने खर्ची घातली. माझ्या पाहणीच्या फोटोत त्या कारच्या मागे, वीसेक पावलांवर, किलोमीटरचा फलक स्पष्ट दिसतो. तो फोटो मी दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात काढलेला आहे.

अशा रस्त्यांवर चुकीच्या बाजूची किंमत साध्या रस्त्यासारखी नसते. समृद्धीवर दोन इंटरचेंजमध्ये अनेकदा वीस किलोमीटरहून अधिक अंतर असते. म्हणजे वळून यायला तेवढे जाणे आणि तेवढेच परत येणे. म्हणून समृद्धीचे आकडे कसे वाचावेत ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. या मार्गाचा शून्य नागपूरकडे आहे, हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्याला. (नागपूरच्या मध्यवस्तीतल्या प्रसिद्ध झिरो माइल स्तंभाचा या शून्याशी काही संबंध नाही, तरी गाइड लोक तो जोडून देतात.) त्यामुळे मुंबईकडे निघालात तर आकडे वाढत जातात, नागपूरकडे निघालात तर उतरत जातात. एवढे एक सूत्र मनात ठेवले तर दोन पाट्या पाहूनही आपली बाजू सांगता येते. रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या बोलीत या बाजूंना ‘मुंबई कॉरिडॉर’ आणि ‘नागपूर कॉरिडॉर’ म्हणतात. ज्या दिशेने तोंड आहे तिचे नाव. ब्रिटिशांच्या ए आणि बीचे काम ही नावे करतात, आणि ए-बीपेक्षा ती लक्षात ठेवायला सोपी आहेत. अडचण एवढीच की ब्रिटिश पाटीवर ते अक्षर आकड्याच्या शेजारीच छापलेले असते. आपल्याकडे ते सांगण्याचे भान घाबरलेल्या माणसाने ठेवायचे असते.

फोनवर सांगायचे ते असे: “समृद्धी महामार्ग, मुंबईकडे जाणारी बाजू, किलोमीटर तीनशे अठरा.” ११२ लावा, १०८ लावा किंवा राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा, या तीन तुकड्यांचा क्रम बदलला तरी चालेल, पण तिन्ही तुकडे हवेत. शक्य असेल तर जाता-येता शेवटचा पाहिलेला आकडा सांगावा. ‘तीनशे अठरा ओलांडून थोडे पुढे’ एवढेही पुरते. बुलढाणा जिल्ह्यात आहोत की जालना, जवळचे गाव कोणते, हे त्या क्षणी आठवले नाही तरी बिघडत नाही. आकडा कळला की ते सगळे पलीकडच्या माणसाला कळते.

पोलिसांच्या हद्दीचा प्रश्नही या आकड्याने बराच सुटतो. दोन ठाण्यांच्या सीमेवर झालेल्या अपघातात प्रेत रस्त्यावर आणि वाद फोनवर, असे दृश्य मी पाहिले आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, त्याला लोक ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. पण नोंद कुठेही झाली तरी तपास शेवटी एका ठाण्याकडे जायचाच. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत कोणाची हद्द हे कागदावर ठरलेले असेल आणि पंचनाम्यात किलोमीटर लिहिलेला असेल, तर कडुनिंबाच्या झाडाला साक्षीला बोलवावे लागत नाही.

रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे, आणि मुंबईकर तो रोज पाहतात. विजेच्या तारा पेलणाऱ्या प्रत्येक खांबावर अपूर्णांकासारखा आकडा असतो, वर १२४, खाली १३. म्हणजे १२४व्या किलोमीटरातला तेरावा खांब. दुहेरी मार्गावर एका बाजूच्या खांबांना विषम आकडे, दुसऱ्या बाजूच्यांना सम. खालचा आकडा विषम की सम एवढ्यावरून गाडी कोणत्या मार्गावर थांबली आहे हे कळावे! इंग्लंडच्या मोटरवेवरचे ए आणि बी आपल्या रेल्वेत सम-विषमाच्या रूपाने अगोदरपासून आहेत. लोकलमधून पडलेल्या माणसाचा शोध घेताना कर्मचारी खांबाचा आकडा विचारतात तो यासाठी.

रस्त्यांवर मात्र आकड्यांचे बस्तान पुन्हा पुन्हा मोडते. गावाला वळसा घालणारा बायपास झाला की मूळ रस्त्याची लांबी बदलते आणि पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात. मग अभियंते जोडावर दोन आकड्यांचे समीकरण लिहून ठेवतात, जुना इतका म्हणजे नवा इतका, आणि ते समीकरण फक्त त्यांच्या आराखड्यात राहते. त्यात २०१० साली राष्ट्रीय महामार्गांची नावेच बदलली. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम क्रमांक, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. पद्धत म्हणून ती देखणी आहे. पण मुंबई-पुणे-बंगळुरूचा ‘एनएच ४’ त्या दिवशी ४८ झाला आणि पनवेलहून कोकणात उतरणारा ‘सतरा नंबर’ ६६ झाला. ट्रकवाले अजून जुनेच आकडे बोलतात. काही ठिकाणी जुना दगड आणि नवी पाटी शेजारी शेजारी उभी असते आणि दोघांचे एकमेकांशी पटत नाही. चौपदरीकरणात तर दोनशे मीटरचे छोटे दगड सगळ्यांत आधी जातात. जेसीबीला ते दिसत नाहीत, आणि काम पूर्ण झाल्यावर ते परत रोवले गेले का हे पाहायला कुणी येत नाही.

आता कुणी म्हणेल, मोबाइलवर लोकेशन पाठवता येते, मग दगड कशाला? लोकेशन जरूर पाठवावे, मीही पाठवतो. पण अपघातात फोन फुटतो, काच तडकली की बोटाला दाद देत नाही, डोंगराळ भागात डेटा मिळत नाही आणि नुसता आवाज जातो. शिवाय दोन बाजूंमधले अंतर काही मीटरांचेच असते. नकाशावरची ती लाल टाचणी कधी कधी दुभाजकापलीकडे जाऊन बसते. सगळे सुरळीत असले तरी ‘मुंबई बाजू, तीनशे अठरा’ हे सांगायला लागणारे तीन सेकंद टाचणी पाठवण्याहून कमी आहेत. त्यासाठी स्मार्टफोन लागत नाही, साधा बटणांचा फोन पुरतो. ट्रकचा क्लीनरही ते सांगू शकतो, फक्त आकडा कुठे पाहायचा हे त्याला माहीत हवे.

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या वर्गांत वळणाचे, शाळेचे, भोंगा बंदीचे चिन्ह पाठ करून घेतात. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेतही तीच विचारतात. किलोमीटरच्या दगडावरचा दुसरा आकडा कशाचा, हे मात्र माझ्या ओळखीच्या एकाही प्रशिक्षकाला सांगता आले नाही. त्यांतल्या एकाने नंतर स्वतःहून एक प्रयोग केला. शिकाऊ मुलांना महामार्गावर नेले की तो मध्येच गाडी कडेला घ्यायला लावतो आणि म्हणतो, “समजा आता टायर फुटलाय. मला फोन कर आणि कुठे आहेस ते सांग.” पहिल्या खेपेला बहुतेक मुले आजूबाजूला ढाबा शोधतात. दुसऱ्या खेपेला ती गाडी थांबण्याआधीच काचेतून दगड शोधू लागतात, आणि फोन लावायच्या आत रस्ता, बाजू आणि आकडा सांगून मोकळी होतात.